आबांच्या जीपचा पाठभेद

आमच्या अंगणात एक जीप उभी आहे. ती आमची आहे असे नोंदणीपुस्तकात लिहिले आहे. पण तालुक्यातली जुनी माणसे तिला अजून 'डॉक्टरांची गाडी'च म्हणतात, आणि ते डॉक्टर, म्हणजे आमचे आबा, २०१३ साली गेले. आबा आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. जीपविषयी लिहायचे ठरले तेव्हा 'मी' कोणी म्हणायचे हा वाद घरात झाला आणि तो मिटला नाही. म्हणून हा 'आम्ही'. तो आदरार्थी नाही, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

निमित्त घडले ते २०२४ च्या उन्हाळ्यात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी परिवहन कार्यालयात नेऊन, ती रस्त्यावर चालण्यास योग्य आहे असे दाखवून, नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. आमच्या जीपने अशी नूतनीकरणे किती पाहिली हे सांगायला नोंदणीपुस्तकाची मागची पाने पुरेनाशी झाली आहेत. या खेपेस शुल्क वाढलेले होते (१ एप्रिल २०२२ पासून ते ६०० रुपयांवरून ५,००० वर गेले होते), पण प्रश्न शुल्काचा नव्हता. नूतनीकरणापूर्वी गाडी तपासायला आलेले मिस्त्री तिच्याखालून बाहेर सरकले, फडक्याला हात पुसत म्हणाले, "धाकले डॉक्टर, या बारीला इंजिन उतरवावं लागतंय. उतरवलंच हाय तर ठरवा, हेच परत चढवायचं का दुसरं."

आमच्यापैकी कोणाच्याही नावामागे 'डॉक्टर' लागत नाही. विद्यावाचस्पतीचा प्रबंध दोघांचाही अर्धा पडून आहे. तरीही मिस्त्री 'धाकले डॉक्टर' म्हणतात, आणि आम्ही ते निमूट ऐकून घेतो.

'हेच की दुसरे' या प्रश्नाचे मर्म कळण्यासाठी जीपची थोडी कुळकथा सांगणे आवश्यक आहे. शब्दापासूनच सुरुवात करू, कारण सवय तीच. 'जीप' या शब्दाची व्युत्पत्ती आजही वादग्रस्त आहे. 'जनरल पर्पज' या दोन शब्दांच्या आद्याक्षरांचा तो अपभ्रंश, असे सर्रास सांगितले जाते. फोर्डच्या कारखान्यात या गाडीची सांकेतिक अक्षरे 'जीपीडब्ल्यू' अशी होती खरी. पण त्यांतला 'जी' सरकारी गाडीचा, 'पी' ८० इंच चाकांतराचा आणि 'डब्ल्यू' विलीजच्या आराखड्याचा. दुसरा पक्ष असे म्हणतो की 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत १९३६ साली 'युजीन द जीप' नावाचा एक अद्भुत प्राणी अवतरला, आणि कोठेही जाऊ शकणाऱ्या त्या प्राण्याचे नाव सैनिकांनी कोठेही जाऊ शकणाऱ्या गाडीला दिले. आम्हांला दुसरा पक्ष अधिक आवडतो. पण आवडणे हे प्रमाण नव्हे, हे आम्ही प्रथम वर्षाच्या वर्गात दरवर्षी सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. युद्ध संपले, आणि त्याच बांध्याची नागरी गाडी निघाली. आपल्याकडे १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने सुरू झालेली कंपनी, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ मध्ये 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली, आणि मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जुळवून जीपा तयार होऊ लागल्या. एका जीपच्या जन्मकथेत महायुद्ध आणि फाळणी दोन्ही यावीत, हे त्या काळाचेच वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

आमची जीप १९६४ सालची. जाणकार तिला 'हाय बॉनेट' म्हणतात. विलीजने आपल्या इंजिनात सुधारणा करताना हवा आत घेणाऱ्या झडपा वर, हेडमध्ये नेल्या. इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावे म्हणून बॉनेट उंच करावे लागले. त्यामुळे या जीपचे कपाळ नाकाच्या मानाने मोठे दिसते. अमेरिकेत हे रूप १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे ते पुढेही कित्येक वर्षे चालत राहिले.

आबा ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर एका मदतपथकाबरोबर पाटण तालुक्यात आले आणि तेथेच राहिले. १९७८ साली त्यांनी सरकारी लिलावात ही जीप घेतली. आमच्यापैकी एकाचा जन्म त्याच वर्षीचा. घरात कोण आधी आले यावर आई आणि आबांचे एकमत कधी झाले नाही. काही वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा पत्रा गंजला म्हणून रंग खरवडला. आबांच्या पांढऱ्या रंगाखाली राखाडी रंग निघाला आणि राखाडीवर पुसट झालेली अक्षरे: '…वताप नि…'. हिवताप निर्मूलनाच्या कामावर ती कधीकाळी फिरली असणार. त्या राखाडीखाली आणखी एक हिरवट थर होता. पेंटरने सगळे घासून काढायला यंत्र उचलले, तेव्हा आम्ही दोघेही एकदम "थांबा" असे ओरडलो. तेवढा वीतभर चौकोन आजही तसाच आहे. त्यावर नुसते पारदर्शक वार्निश मारून घेतले. पेंटरने पैसे मात्र पूर्ण रंगाचे घेतले.

अशी गाडी बाळगणे म्हणजे काय, हे ज्याने बाळगलेली नाही त्याला सांगणे कठीण. चारचाकी घेतली की माणूस ती वापरतो. ही जीप आपल्यालाच कामाला लावते. दर महिन्याला खाली शिरून पाट्यांच्या शॅकलना आणि किंगपिनना ग्रीस भरायचे. ब्रेकचे ड्रम काढून सिलिंडर पाझरतात का ते पाहायचे. ट्रान्सफर केसमधून ऑइल गळते. ते गळायचे थांबले की मिस्त्री काळजीत पडतात, कारण त्याचा अर्थ आत काही उरलेले नाही. गिअरच्या दांड्याशेजारी दोन आखूड दांडे आहेत. एक पुढच्या चाकांना जोर देतो, दुसरा वेग कमी करून ताकद वाढवतो. चालत्या गाडीत पहिला गिअर टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, मधे इंजिनाला हलकेच रेस देऊन, दातांचा वेग जुळवून घ्यावा लागतो. चुकले की गाडी असा कर्कश आवाज काढते की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. आबा म्हणत, "तिला घाई चालत नाही, आणि आळसही चालत नाही."

आणि इंधनाच्या नळीत हवा शिरली, मिस्त्रींच्या भाषेत 'गाडीनं एअर घेतली', की जीप वाटेल तेथे उभी राहते. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचा, आणि डिझेलमधून येणारे बुडबुडे संपेपर्यंत वाट पाहायची. हे काम आमच्यापैकी एकीला अधिक चांगले जमते. दुसरा हातपंप मारताना मधेच विचारात पडतो.

'डिझेल' हा शब्द वर आला आहे आणि जाणत्या वाचकाच्या भुवया उंचावल्या असतील. १९६४ ची हाय बॉनेट कारखान्यातून निघाली ती सुमारे २,२०० सी.सी.चे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन घेऊन. आमच्या जीपमध्ये आज आहे ते डिझेल इंजिन, मुळात ट्रॅक्टरच्या घराण्यातले. आबांनी ते १९८६ साली बसवून घेतले. बसवणारे हेच मिस्त्री. तेव्हा ते पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते. नवे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची तोंडे जुळेनात, म्हणून त्यांनी जाड पोलादी पत्र्याची एक प्लेट लेथवर स्वतः कातून घेतली आणि दोहोंच्या मधे बसवली. त्या प्लेटचा नकाशा कोठेही नाही.

आता प्रश्न असा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नोंदणी दहा वर्षे टिकते, आणि गाडी प्रदर्शन, मेळावा अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. अट एकच, पण कळीची: गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, साटा, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. आमच्या जीपचे वय त्या नियमात बसत होते. इंजिन बसत नव्हते.

जुन्या जीपांचे शौकीन असलेले एक स्नेही नेमके त्याच सुमारास घरी आले. त्यांनी बॉनेट उघडून पाहिले आणि एखाद्या जुन्या पोथीत बॉलपेनने केलेल्या खुणा दिसाव्यात तसा त्यांचा चेहरा झाला. "हा गुन्हा कोणी केला?" त्यांनी विचारले. आम्ही गप्प राहिलो. त्यांच्या माहितीत एक मूळ पेट्रोल इंजिन विकाऊ होते. लाखभर रुपये त्याला, तेवढेच बसवायला. ट्रॅक्टरचे धूड काढून टाका, मूळचे बसवा, मग पाहा या गाडीला काय किंमत येते, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. गाडी थरथरते, चढावर काळा धूर टाकते आणि बोलायचे तर ओरडावे लागते.

आमच्यात मतभेद झाला, तोही अनपेक्षित बाजूंनी. मुलगा म्हणाला, मूळ इंजिन बसवू. सून म्हणाली, आबांचे राहू दे. मुलाकडे कारण होते. आठव्या वर्षापर्यंत त्याने पेट्रोलची जीप ऐकली होती. रात्री अंथरुणात पडल्यावर दूरच्या वळणावरून येणारा तो मऊ, सलग आवाज म्हणजे आबा सुखरूप परत आले. मग झोप लागे. डिझेल आल्यावर आवाज मैलभर आधीच ऐकू येऊ लागला, पण तो आवाज तो नव्हता. सुनेने त्या घरात पाऊल ठेवले २००४ साली. तिने ऐकली ती धडधडच. तिच्या लेखी आबा आणि ती धडधड वेगळी काढता येत नाहीत.

येथे आमचा व्यवसाय मधे आला, तो चांगल्यासाठी की वाईटासाठी हे ठाऊक नाही. एम.ए.च्या वर्गाला आम्ही पाठचिकित्सा शिकवतो. संहिता हातोहात नकलली जाताना तिच्यात भर पडते, ओळी गळतात, शब्द बदलतात. चिकित्सक प्रती ताडून पाहतो आणि प्रक्षेप वेगळे काढतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्यात भर घालू पाहणाऱ्यांना ताकीदही दिली. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथांच्याही आधीची म्हणून दुसरी प्रत छापली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. हे सारे फळ्यावर लिहिताना आमची सहानुभूती नेहमी मूळ संहितेकडे असते. या न्यायाने डिझेल इंजिन हा उघड प्रक्षेप होता, आणि तो काढून टाकणे हे चिकित्सकाचे कर्तव्य. मुलाने हा युक्तिवाद केला तेव्हा सुनेपाशी उत्तर नव्हते. ती एवढेच म्हणाली, "आधी प्रती तर ताडून बघू."

आबांच्या तीन वह्या आहेत. सरकारी गाड्यांच्या लॉगबुकासारखे रकाने त्यांनी स्वतः आखलेले: तारीख, कोठून कोठे, किलोमीटर, इंधन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात रोग्याचे नाव कधीच नाही. गाव आणि दोन शब्द. 'ताप. बरा.' 'विंचू.' 'पाय, कऱ्हाडला पाठवले.' या वह्या आम्ही पूर्वी चाळल्या होत्या, वाचल्या नव्हत्या. डिझेल त्या काळी पेट्रोलहून पुष्कळच स्वस्त होते, आणि आबांनी इंजिन त्यासाठीच बदलले, असे घरात सगळे धरून चालले होते. तसे आम्हीच लोकांना सांगतही आलो होतो.

१९ जुलै १९८६ ची नोंद अशी आहे. मोरणेच्या खोऱ्यातील एका वाडीचे नाव, आणि पुढे: 'ओढा. डिस्ट्रिब्युटर भिजला. पुसला, प्लग काढले, नाही. २ तास ४० मि. गेले. मग चालत. बाई गेल्या. मूल आहे.' इंधनाचा रकाना कोरा. त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत जीपची एकही नोंद नाही. मग ऑक्टोबरमध्ये एक ओळ: 'डिझेल बसवले.'

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर पाण्याने भिजला की इंजिन मरते. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती इतकी तापते की इंधन आपोआप पेटते. हवा आत घेणारी नळी पाण्याच्या वर राहिली की ओढ्यात ते चालत राहते. आमच्या जीपचा एअर क्लीनर नेहमीच्या जागेहून उंच बसवलेला आहे. तो तसा का, हा प्रश्न आम्हांला अडतीस वर्षांत पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना विचारले. ते बराच वेळ पाना हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर आले, खाटंवर बसले. म्हणले, पाण्यात मरणार न्हाई असलं इंजिन घाल. मी खर्च सांगाय लागलो तर म्हणले, विचारलाय का मी? त्येवढंच. कशापायी ते म्या बी विचारलं न्हाई. ठावं होतं सगळ्यांस्नी."

सगळ्यांना ठाऊक होते, घरात नव्हते. आईला ठाऊक होते काय, हे विचारण्यासाठी आता आई नाहीत. आठ वर्षांच्या मुलाला तर त्या अकरा आठवड्यांतले एवढेच आठवते की जीप अंगणात उभी असे, आबा सायकलवरून जात, आणि तिच्या बॉनेटवर चढून खेळण्याबद्दल त्या पावसाळ्यात कोणी रागावले नाही. ते मूल कोठे असेल, ते आम्ही शोधले नाही. तो आमचा अधिकार आहे असे वाटले नाही.

पाठचिकित्सेत आणखी एक प्रकार असतो. तो शिकवताना आम्ही त्यावर फार वेळ घालवत नव्हतो. लेखक स्वतःच पुढच्या आवृत्तीत आपल्या मजकुराची दुरुस्ती करतो. पहिली आवृत्ती कितीही देखणी असली, तरी त्या दुरुस्तीला प्रक्षेप म्हणता येत नाही. आणि ती काढून टाकणारा संपादक संहितेवर उपकार करतो की लेखकाचे म्हणणे खोडतो, हा प्रश्न उरतोच. कारखान्याने केलेली जीप ही एक प्रत. हिवतापवाल्यांची दुसरी. आबांनी १९८६ च्या ऑक्टोबरात केली ती तिसरी, आणि तिच्यात बदल का केला हे सांगणारी नोंद करणाऱ्याच्याच अक्षरात उपलब्ध आहे. असा पुरावा किती पोथ्यांच्या वाट्याला येतो?

तरीही आमच्या स्नेह्यांना आम्ही चूक म्हणणार नाही. मूळ स्वरूपातल्या गाड्या कोणीतरी राखल्याच पाहिजेत, नाहीतर त्या कशा होत्या हे पुढे कळणार नाही. आणि मुलाने जो मऊ आवाज पुन्हा ऐकू इच्छिला होता, तो आता त्याला या अंगणात ऐकू येणार नाही, हेही खरे आहे. त्याने ते मान्य केले. मात्र त्या संध्याकाळी तो बराच वेळ जीपमध्ये एकटाच बसून होता.

इंजिन उतरले, रिंगा आणि बेअरिंगे बदलली, पंप कऱ्हाडला पाठवून दुरुस्त करून आणला आणि तेच इंजिन पुन्हा चढले. मिस्त्रींचे वय आता चौऱ्याहत्तर. त्यांना जवळचे दिसत नाही. बोटांनी चाचपून त्यांनी ती प्लेट बाहेर काढली, आणि या खेपेस आम्ही तिचा ठसा ड्रॉइंग पेपरवर घेतला, भोकांची अंतरे मोजून लिहिली. आटे, छर्रे, पाटे, 'मिसिंग मारणे', 'एअर घेणे' अशा त्यांच्या शब्दांचीही एक यादी आम्ही करू लागलो आहोत. मिस्त्रींना ती यादी वाचून दाखवली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ह्यात काय लिवायचं? गाडी खोला, सगळं दिसतंय." त्यांचा नातू संगणकाच्या अभ्यासक्रमाला आहे. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी गाडीखाली कोण शिरेल, या प्रश्नाला आमच्याकडे आज उत्तर नाही.

परिवहन कार्यालयात आमच्या पोटात गोळा होता, कारण बदललेल्या इंजिनाची नोंद पुस्तकात आहे की नाही हे आम्ही भीतीपोटी पाहिलेच नव्हते. निरीक्षक तरुण होते. त्यांनी इंजिनाचा क्रमांक पाहिला, नोंदणीपुस्तक उलटसुलट केले आणि मागच्या एका पानावर बोट ठेवले. पुसट निळ्या शिक्क्याखाली १९८६ सालची नोंद होती, नव्या इंजिनाच्या क्रमांकासह. आबांनी तेही काम करून ठेवले होते. "डिझेल का केलं?" निरीक्षकांनी सहज विचारले. आमच्यापैकी एकाने तोंड उघडले, पण उत्तर दुसरीने दिले: "पावसाळ्यासाठी."

घरी आल्यावर तिसरी वही उघडली. आबांची शेवटची नोंद २०११ सालची आहे. तिच्याखाली एक ओळ सोडून, त्यांनीच आखलेल्या रकान्यांत आम्ही लिहिले: तारीख, घर ते परिवहन कार्यालय व परत, किलोमीटर, डिझेल ५ लिटर. शेऱ्यापाशी दोघेही अडलो. अखेर लिहिले: 'पास.'